नोरीनच्या आईसाठी चेडर

सँडविच करायला अक्कल लागत नाही, असं इंद्रनीलचं ठाम मत होतं. म्हणूनच चित्राने त्याला या कामापासून लांब ठेवायचं ठरवलं. ठरवलं, इतकंच. शुक्रवारी दुपारपर्यंत त्या कामात नवरा, मुलगी, शेजारीण, दुकानदार, दुकानदाराची बायको आणि गेटवरचा पहारेकरी असे सगळे ओढले गेले होते, आणि सँडविचचा अजून पत्ता नव्हता.

झालं होतं असं, की समोरच्या व्हिलातल्या नोरीनची आई गेली. नोरीन सौदीतल्या हुफूफच्या एका इस्पितळात नर्स होती. वय पन्नाशीचं, गाव आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला कुठेतरी. एकटी राहायची. मोठ्याने हसायची आणि चेडर चीज खायची. चेडर खाणं हे कुणाची ओळख म्हणून सांगावं असं नाही, पण नोरीनच्या बाबतीत इलाज नव्हता. सकाळी टोस्टवर चेडर. ड्यूटीच्या डब्यात पाव, लोणी, चेडर. रात्री उकडलेल्या बटाट्यावर किसलेलं चेडर. मधेच भूक लागली तर फ्रीजसमोर उभ्याउभ्या सफरचंदाची एक फोड आणि चेडरचा एक तुकडा. पहिल्या वर्षी चित्राला वाटलं, बाई एकटी आहे, स्वयंपाकाचा कंटाळा करते. मग हळूहळू कळलं की हा कंटाळा नव्हे, हाच स्वयंपाक. सुट्टीवरून येताना ती लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून गावचं चीज आणायची, जसं आपण मेतकूट आणतो, आणि ते संपलं की मेतकूट संपल्यासारखाच चेहरा करायची.

मंगळवारी बातमी आली. त्यांच्याकडे दोन-तीन दिवस थांबून मग माती देतात, तेव्हा पोचायला वेळ होता. पण नोरीनचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नूतनीकरणाला गेला होता, आणि तो झाल्याशिवाय देशाबाहेर जाऊन परत यायचा व्हिसा निघत नाही. इस्पितळाच्या कार्यालयातला माणूस अतिशय सज्जन. “बुकरा, इन्शाल्ला,” म्हणाला. बुकरा म्हणजे उद्या. बुधवारीही तो तितक्याच सज्जनपणे तेच म्हणाला. गुरुवारी दुपारी त्याने हात जोडल्यासारखे केले, मान खाली घातली, आणि खलास. आता कार्यालय उघडणार थेट रविवारी, आणि अंत्यविधी शुक्रवारी.

या रस्त्यावरचा खड्डान् खड्डा चित्राच्या ओळखीचा होता. दिवाळीनंतर तिचे वडील, अण्णा, गेले तेव्हा तीही नाशिकला पोचली ती सगळं उरकल्यावर. असो.

तेव्हापासून तिला एका जागी बसवत नसे. घरातले सगळे पडदे तिने काढून धुतले होते. पुस्तकं आधी लेखकांप्रमाणे लावली, मग रंगांप्रमाणे लावली, आणि रंगांप्रमाणे लावलेली पुस्तकं बघून स्वतःचीच लाज वाटल्यामुळे पुन्हा लेखकांप्रमाणे लावली. इंद्रनील हल्ली घरात शिरताना फर्निचर कालच्याच जागी आहे का, हे आधी पायाने चाचपून बघायचा.

गुरुवारी संध्याकाळी चित्रा नोरीनकडे गेली तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

“आता आमच्या घरी पाय ठेवायला जागा नसेल,” नोरीन म्हणाली. “सगळ्या शेजारणी ट्रे घेऊन येतात ना. पाव, लोणी, चेडर. कुणी कांदा घालतं. डोंगर होतो नुसता सँडविचचा. आणि मी इथे वाळवंटात, खजुराच्या झाडांकडे बघत.” मग म्हणाली, “उद्या दोन वाजता चर्चमधून इंटरनेटवर दाखवणार आहेत. बघीन.”

एकटी बघणार. हे तिने म्हटलं नाही, पण घरात दुसरं कुणी नव्हतंच.

परत येताना चित्राचा निर्णय झाला होता. शोकाच्या घरी चूल पेटू द्यायची नसते. शेजारणींनी बिनफोडणीचा पिठलं-भात न्यायचा असतो. पिठलं-भाताच्या जागी चेडर-पाव. उद्या दोनच्या आत ट्रे घेऊन नोरीनच्या दारात उभं राहायचं, म्हणजे आईला पोचवताना पोरगी एकटी राहणार नाही. इतकं साधं काम, आणि तेही कुणाच्या सल्ल्याशिवाय होण्यासारखं.

पहिला सल्ला कादिरच्या दुकानात मिळाला. वसाहतीच्या कंपाउंडबाहेरचा हा बकाला म्हणजे आपल्याकडचं किराण्याचं दुकान. कादिर मूळचा रत्नागिरीकडचा, आणि गल्ल्यावर बहुतेक वेळ त्याची बायको हफीजा.

“चेडर म्हंजे कंचं, ताई?” कादिरने विचारलं. “डब्यातलं, बाटलीतलं, स्लाइसवालं, का पिशवीतलं किसलेलं?”

“ठोकळ्याचं. आयरिश लोक खातात ते.”

“ठोकळे दोन आहेत. गोरी माणसं नेतात. आमी नाय बा खात, दाताला चिकटतं.”

ठोकळा हातात आला आणि चित्राला जिलेटिन, रेनेट वगैरे वाचलेलं सगळं आठवलं. चीज विरजायला वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात, असं तिने एका जाड पुस्तकात वाचलं होतं. ती चष्मा कपाळावर चढवून वेष्टन वाचू लागली. दुसऱ्या बाजूने हफीजाही वाचू लागली.

“काय बघताय, भाभी?”

“हलाल आहे का ते. तुम्ही काय बघताय?”

“शाकाहारी आहे का ते.”

दोघी बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी कादिर म्हणाला, “पण खाणार कोण?”

“नोरीन,” चित्रा म्हणाली.

“तिला चालतंय ना? मग दोघी कशाला डोळे फोडताय?”

हा प्रश्न चित्राला जरा उद्धट वाटला. बरोबर प्रश्न बहुधा वाटतातच. हफीजाने मात्र लगेच जाहीर केलं की उद्या जुम्म्याची नमाज झाली की तीही येणार. मयताच्या घरी बाईमाणूस हवंच.

दुसरा सल्ला रोशनीचा. रोशनी म्हणजे शेजारच्याच व्हिलातली पुण्याची मुलगी, वयाने लहान आणि मतांनी मोठी. ती कापायला मदत म्हणून आली. चित्राने पावाला लोणी लावायला घेतलं, तेवढ्यात नाशिकहून सरूमावशीचा फोन आला. सरूमावशी आईची धाकटी बहीण. घराण्यातले रीतीभातीचे सगळे प्रश्न तिच्याकडे जात.

“ख्रिस्ती बाई आहे होय?” मावशी म्हणाली. “असू दे. दुःख सगळ्यांचं सारखंच. पण फोडणीचं काही नेऊ नकोस हो. मयताच्या घरी फोडणी नाही. आणि बसायचं ते गप बसायचं. पाणीसुद्धा घ्यायचं नाही. निघताना ‘येते’ म्हणायचं नाही, नुसतं उठायचं आणि चालू लागायचं.”

“माहीत आहे, मावशी.”

“माहीत असायचंच. अण्णांच्या वेळी सगळं नीट केलंस तू.”

इथून बोलणं अण्णांवर गेलं, तिथून आईच्या गुडघ्यांवर, आणि चित्रा फोन कानाला लावून बैठकीच्या खोलीत फेऱ्या मारत राहिली. परत आली तेव्हा स्वयंपाकघरात हिरव्या चटणीचा वास दरवळत होता. रोशनीने दोन्ही ठोकळे किसले होते. चटणी वाटली होती. बटाटे उकडले होते. काकडी, टोमॅटो, वरून चाट मसाला. आणि टोस्टरमधून तेल गाळत, चुरचुरत, एकामागून एक खमंग सँडविचं बाहेर पडत होती.

“रोशनी, हे काय केलंस?”

“अगं, नुसतं पाव-लोणी-चीज? आजारी माणसाला देतात तसं? बाईची आई गेलीय, जरा तोंडाला चव तर येऊ दे.”

“साधंच न्यायचं असतं! त्यांच्यातही आणि आपल्यातही!”

“ह्यात फोडणी कुठंय?”

या मुद्द्यावर सरूमावशीचा निकाल मागवणं शक्य होतं, पण चित्राचा मान आधीच दुखावला होता. कोपऱ्यात उभी चित्राची मुलगी ओवी भरल्या तोंडाने म्हणाली, “आय टोल्ड हर, आई. बट दे आर सो गुड.” चीज संपलं होतं. इंद्रनीलने रात्री जेवायला चार खाल्ली आणि सँडविचला अक्कल लागते हे मान्य केलं, पण चित्राने ते ऐकून घेतलं नाही.

शुक्रवारी सकाळी इंद्रनीलला मोठ्या दुकानात पिटाळलं. हुफूफमध्ये शुक्रवारी नमाजेआधी दुकानं बंद होतात, तेव्हा लवकर जा, असं तिने तीनदा सांगितलं. तो चहा पिऊन, वर्तमानपत्र चाळून, गाडीची काच पुसून निघाला आणि विजयी चेहऱ्याने परतला. त्याने आणलं होतं बाटलीतलं चीज. चमच्याने लावायचं.

“चेडरच आहे. लिहिलंय बघ.”

लिहिलं होतं. ‘चेडर’ मोठ्या अक्षरांत आणि ‘स्वादाचे’ मुंगीच्या अक्षरांत.

“बाबा, यू गॉट चीज पेंट,” ओवी म्हणाली.

चित्रा बाटली ओट्यावर जरा जोरात ठेवून उभी राहिली. समोरच्या खिडकीतून नोरीनचं घर दिसत होतं. पडदे ओढलेले. तिकडे आता चर्चमध्ये माणसं जमायला लागायची, आणि इकडे एक सुशिक्षित, वाचलेली बाई पावात घालायला चीज मिळवू शकत नव्हती. इतकी साधी गोष्ट. वेळेवर पोचणं, एवढंच तर.

तिने हफीजाला फोन लावला. दुकान बंद. कादिर मशिदीत, इमामांचं प्रवचन ऐकत. गोदामात एखादा ठोकळा पडला असेल, पण किल्ली कादिरच्या खिशात. “खुतबा लांबवायचा नाही असं इमामसाहेबांना सांगून येऊ का?” हफीजा म्हणाली, आणि चित्राला इतक्या घाईतही हसू आलं.

नमाज सुटली. कादिर धावतपळत आला. ठोकळा निघाला, पण भगवा. चक्क भगवा, गाजराच्या हलव्यासारखा. आयर्लंडात असंही चेडर खातात, त्याला ते लाल म्हणतात, हे नोरीनकडून ऐकलेलं चित्राला ऐन वेळी आठवलं म्हणून निभावलं. पण गेटवर हफीजाला पहारेकऱ्याने अडवलं. पाहुण्यांसाठी तसरीह, म्हणजे परवाना, लागतो, तो कंपाउंडच्या कार्यालयातून मिळतो, आणि कार्यालय शुक्रवारी बंद.

“मयतीचं घर आहे,” चित्राने गेटपर्यंत जाऊन आधी हिंदीत आणि मग मोडक्या अरबीत सांगितलं.

“बुकरा,” पहारेकरी म्हणाला.

उद्या! चित्राच्या डोक्यात काहीतरी तडकणार होतं, तेवढ्यात कादिरने गेटशी आपली दुकानाची व्हॅन आणून हॉर्न दिला. “डिलिव्हरी! पाव आहे!” पहारेकऱ्याने लगेच फाटक उघडलं. माणसाला परवाना लागतो, पावाला लागत नाही. पावांच्या ट्रेमागे गुपचूप चढून बुरखा सावरत बसलेली हफीजा सामान म्हणून आत आली.

मग जे झालं ते झपाट्याने. चित्राने जाड काप केले, रोशनीने नाक मुरडत पण मुकाट्याने लोणी लावलं, हफीजाने कांदा चिरला, ओवीने कडा कापल्या, आणि इंद्रनीलला कशालाही हात लावू दिला नाही. दोनला काही मिनिटं असताना तीन मोठे ट्रे भरले. किती माणसांना पुरतील याचा विचार कुणी केला नव्हता. शोकाच्या घरी मोजून नेत नाहीत.

नोरीनने दार उघडलं. ट्रे बघितले. तिच्या हनुवटीला एक बारीक झटका बसला, आणि ती बाजूला झाली. चित्राचा जीव भांड्यात पडला. पोचलो.

चित्रा, हफीजा आणि रोशनी तिघी पांढऱ्या-फिकट कपड्यांत सोफ्यावर ओळीने बसल्या, पाय जुळवून, माना खाली घालून. समोर लॅपटॉपवर चर्च दिसत होतं. कॅमेरा कुठेतरी छताजवळ असावा, कारण फक्त डोकी दिसत होती, आणि नोरीन डोक्यांवरून माणसं ओळखत होती. “ती बहीण. तो टकला भाऊ, मागच्या वर्षी केस होते त्याला.” मधे नोरीन किटली लावायला उठली, तर चित्राने धावत जाऊन तिच्या हातातून किटली काढून घेतली.

“नाही, नाही. काही पेटवायचं नाही.”

“चहा, चित्रा. नुसता चहा.”

“आम्ही काही घेणार नाही.”

“सँडविच तरी घ्या.”

“छे छे!” तिघी एकदम म्हणाल्या.

विधी संपला. पडद्यावरची डोकी हलली, दाराकडे निघाली, आणि चर्च रिकामं झालं. चित्राने हफीजाकडे पाहिलं, हफीजाने रोशनीकडे. तिघी एक शब्द न बोलता उठल्या, मागे न बघता दाराबाहेर पडल्या आणि चालू लागल्या. इतकं चोख झालं होतं की सरूमावशीनेही नावं ठेवली नसती. हफीजा कादिरच्या व्हॅनकडे गेली. रोशनी घरात शिरून थेट न्हाणीघरात गेली, कारण तिच्या आईने तिला तसं बजावलं होतं.

घरी येऊन चित्राने हातपाय धुतले. बसली. लगेच उठली. काम नीट झालं होतं, तरी मन ठिकाणावर येईना. ती खिडकीशी गेली, तर रस्त्याच्या मधोमध नोरीन उभी. हातात भरलेला ट्रे.

चित्रा धावत बाहेर गेली.

“माझं काय चुकलं?” नोरीनने विचारलं. तिचे डोळे आता मात्र लाल होते. “तुम्ही आलात, गप्प बसलात, आणि कुणी एक घास खाल्ला नाही. बाय म्हणूनसुद्धा गेलं नाही कुणी.”

“अगं, आमच्यात तसंच असतं. शोकाच्या घरी नुसतं न्यायचं. खायचं नाही. निरोप घ्यायचा नाही.”

“मग हे कुणी खायचं?”

“तू.”

“तीन ट्रे?”

चित्रा ट्रेमधली सँडविचं मोजायला लागली.

“चित्रा, आमच्याकडे कुणाच्या मयतीला सँडविच उरलं ना, तर गाव म्हणतं, बाई कुणाला आवडत नव्हती.” नोरीनने ट्रेकडे बघितलं. “आता बहिणीचा फोन येईल. पहिलं काय विचारेल माहीत आहे? माणसं आली होती का. आणि दुसरं, खाल्लं का सगळ्यांनी. काय सांगू तिला?”

दुपारच्या उन्हात भगव्या चीजच्या कडा चमकायला लागल्या होत्या. अण्णांच्या वेळी चित्राने प्रत्येक रीत पाळली होती, उशिरा पोचलेल्या माणसाच्या हातात तेवढंच असतं म्हणून. आणि आता ती भर रस्त्यात ट्रेमधलं एक सँडविच उचलून खात होती.

“चल आत,” ती भरल्या तोंडाने म्हणाली. “मी आणते सगळ्यांना.”

व्हॅन अजून गेटशी होती. बाहेर पडतानाही कुठलातरी परवाना लागत होता. हफीजाने ऐकलं आणि कादिरचा दंड धरला. “उतरा. मरहूमच्या नावाने खायचंय. आणि दाताला चिकटतं म्हणायचं नाही.” रोशनीने दार उघडलं तेव्हा तिचे केस ओले होते.

“अगं, मी डोक्यावरून आंघोळ केली! आता परत जायचं म्हणजे परत आंघोळ!”

“हुफूफ म्हणजे झऱ्यांचं गाव, पाण्याला काय कमी आहे? चल.”

“आणि खायचं? मयताच्या घरी? आई मला घरात घेणार नाही.”

“आई पुण्यात आहे. नोरीन इथे आहे.”

इंद्रनीलला सांगावं लागलं नाही. सकाळपासून त्याला कुणी काही खायला दिलं नव्हतं.

या वेळी किटली लागली. कादिरने पहिलं सँडविच संपवून कुणी विचारलं नसताना सांगितलं, “तसं वाईट नाय हां.” रोशनी ओल्या केसांनी सोफ्याच्या टोकावर बसून आधी एक कोपरा कुरतडत होती, मग अख्खं, मग दुसरं, आणि मग तिने हळूच विचारलं की घरात हिरवी मिरची आहे का. नोरीन आईबद्दल सांगू लागली. आई माणसाची पारख चीजच्या कापावरून करायची. जाड काप देणारा, चांगला माणूस. एका सुनेने पहिल्याच दिवशी कागदासारखे काप केले. आईने तो काप दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, “यातून मला शेजाऱ्यांचं घर दिसतं.” सून त्यानंतर वीस वर्षं जाड काप करत होती. इंद्रनील इतका हसला की चहा सांडला, आणि शोकाच्या घरात आपण हसलो म्हणून घाबरून चित्राकडे बघू लागला. चित्राही हसत होती.

“आणि तुझे वडील?” नोरीनने विचारलं. “त्यांना आवडायचं का चीज?”

अण्णांबद्दल आतापर्यंत सगळ्यांनी चित्राला तारखा विचारल्या होत्या, आजार विचारला होता, तू पोचलीस का हे विचारलं होतं. चित्राने घास चावला. चेडर खरंच दाताला चिकटतं.

“फार,” ती म्हणाली. “म्हणजे मला वाटायचं. पहिल्यांदा नेलं तेव्हा म्हणाले, फारच छान, पुन्हा आण. मग मी दर वर्षी न्यायचे. बॅगेत साड्या कमी, चीज जास्त. सकाळी चहाबरोबर ताटलीत तुकडे घेऊन अंगणात जायचे आणि रिकामी ताटली घेऊन यायचे. आठ दिवसांत ठोकळा संपायचा. मी म्हणायचे, अण्णा, जरा बेताने, कोलेस्टेरॉल वाढेल. तर म्हणायचे, तू आणलेलं आहे, मला काही होत नाही.” तिने हातातलं सँडविच खाली ठेवलं. “आता मी गेले होते तेव्हा सकाळी अंगणात एक मांजर आलं. हे एवढं लठ्ठ. आईने त्याला दूध ठेवलं, तर हुंगलंसुद्धा नाही. भिंतीवर बसून दाराकडे बघत राहिलं. तेव्हा आई म्हणाली, अगं, त्यांना साबणासारखं लागायचं ते.”

नोरीनने तोंडावर हात धरला. मग तिच्यातलं ते मोठं हसू फुटलं, आणि हफीजाचं, आणि कादिरचंही. रोशनी हसता हसता डोळे पुसत होती, आणि चित्राही.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नोरीनची बहीण होती आणि तिच्या मागे गच्च भरलेलं स्वयंपाकघर, कपबश्यांचा खणखणाट.

“माणसं आली होती का तुझ्याकडे?” बहिणीने विचारलं.

नोरीनने फोन खोलीभर फिरवला. इंद्रनीलने हात हलवला. कादिरने पाठीमागे शर्ट नीट खोचला.

“आणि खाल्लं का सगळ्यांनी?”

नोरीनने फोन ट्रेंवर धरला. दोन रिकामे, तिसऱ्यात थोडा कांदा आणि पावाचा चुरा.

“बरं झालं,” बहीण म्हणाली. मग नाक ओढत तिने विचारलं, “आणि ती कोण, डोळे पुसतेय ती?”

“ही चित्रा. हिने केलं सगळं. हिचेही वडील आत्ताच गेले. ती आम्हाला त्यांचीच गोष्ट सांगत होती, चीजची. थांब, तिलाच सांगू दे. चित्रा, सांग ना.”

पलीकडच्या स्वयंपाकघरात कुणीतरी “श्श” केलं. कपबश्या थांबल्या. पाच-सहा अनोळखी चेहरे फोनच्या छोट्या चौकटीत दाटीवाटीने घुसले आणि नाशिकच्या अण्णांची वाट बघू लागले.

चित्रा खुर्चीत नीट मागे टेकून बसली आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.